पट्ट्यांचा तास

सहावीच्या गणिताच्या बाईंना एक खोड होती, आणि बावीस वर्षांत ती कोणी त्यांच्या नजरेला आणून दिली नव्हती. प्रश्न विचारायच्या आणि उत्तरही आपणच देऊन मोकळ्या व्हायच्या. "बाराचे तीन सारखे भाग केले तर एकेक केवढा? चारचा. चारचे दोन केले तर? दोनचा. कळलं? कळलं." मुलं मान हलवायची. मान हलवायला काही लागत नाही. वर्गाला वाटायचं बाई भरभर शिकवतात, बाईंना वाटायचं वर्ग भरभर शिकतो, आणि दोन्हीकडच्या या समजुतीवर गाडी सुरळीत चालली होती.

बाई एक्कावन्न वर्षांच्या. डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली आलेला, कारण अडतीस वह्यांची पिशवी कायम त्याच खांद्याला. आवाज खणखणीत. दुसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत त्या बोलायला लागल्या की खाली पाण्याच्या टाकीपाशी बसलेल्या शिपायाला कळायचं, तिसरा तास सुरू झाला. खोलीला दोन खिडक्या. एकीतून शेजारच्या गोदामाचं पत्र्याचं छप्पर दिसायचं, दुसरी रंगाने चिकटून बसली होती आणि उघडायची नाही.

वर्षातून चार-पाच दिवस मात्र या खोलीत अजिबात आवाज नसायचा. ते पट्ट्यांचे तास.

अपूर्णांक आले की बाई बुटांचं एक खोकं वर्गात आणायच्या. आत कागदाच्या पट्ट्या, वीतभर लांब, दोन बोटं रुंद, जुन्या कोऱ्या उत्तरपत्रिकांच्या घरी बसून कापलेल्या. प्रत्येकाला चार पट्ट्या. फळ्यावर एक प्रश्न. मग कोणी बोलायचं नाही, बाईंनीही नाही. मुलं घड्या घालायची, उलगडायची, एक पट्टी दुसरीवर ठेवायची, वहीत काहीतरी लिहायची. बाई बाकांमधून फिरायच्या आणि हात बघायच्या. एरवी तोंड मिटता न येणारी ही बाई त्या दिवशी पाऊल वाजू नये म्हणून चपला दाराशी काढून ठेवायची. असं का, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही स्वतःला विचारलं नव्हतं. त्या पद्धतीने मुलांना अपूर्णांक येतात, एवढं त्यांना माहीत होतं.

मग शाळेत बिल्ला आला.

मोठ्या गुंडीएवढा, काळा, गळ्याशी अडकवायचा. तो अख्खा तास ऐकायचा, आणि संध्याकाळपर्यंत त्यातली एआय शिक्षकाच्या फोनवर अहवाल पाठवायची: कोण किती बोललं, प्रश्न किती विचारले, विचारून किती थांबलात, किती मुलांनी तोंड उघडलं. शिवाय खाली एक जागा, तिथे तिच्याशी लिहून बोलता यायचं. मुख्याध्यापकांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, "हे फक्त तुमच्या-तुमच्यासाठी आहे. आरसा समजा. आरसा कधी चहाड्या करतो का?"

त्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्याचं बारसं झालं. हस्तकलेच्या मॅडमनी तो गळ्याशी लावला, खाली मान घालून बघितला आणि म्हणाल्या, "घरी एक आहेच, आता गळ्यात दुसरी सासू." तेव्हापासून तिचं नाव सासू. सकाळी जिन्यात भेटल्यावर लोक विचारायचे, "काय, काल सासू काय म्हणाली?"

गणिताच्या बाईंना सासू पहिल्याच दिवशी म्हणाली: शिक्षिकेचं बोलणं एक्क्याऐंशी टक्के, मुलांचं सहा. प्रश्न एकेचाळीस. त्यांपैकी एकोणतीस प्रश्नांची उत्तरं शिक्षिकेने स्वतः दिली. प्रश्नानंतरचा थांबा सरासरी नऊ दशांश सेकंद.

"धादांत खोटं," बाई घरी येऊन म्हणाल्या. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. हाताला पांढरी भुकटी लागलेलीच असायची, ती तो नळाखाली धूत होता. "एकोणतीस? शक्य आहे का? नाहीच."

नवरा हात पुसत वळला. "अगं, ऐकून तर बघ. आवाज ठेवलाय ना तिने?"

बाईंनी फोन ओट्यावर ठेवला आणि तास लावला. आपलाच आवाज, परक्यासारखा, थोडा नाकातून येणारा. सहाचे निम्मे किती? तीन. तिनाचे निम्मे? दीड. कुठेतरी एका मुलाने "दी" एवढंच म्हटलेलं ऐकू आलं आणि त्यावर बाईंचा "दीड" येऊन बसला. बाईंनी ते पुन्हा लावलं. दी. दीड.

"घरी काय वेगळं आहे?" नवरा म्हणाला. "मला विचारतेस, चहा घेणार का, घेणारच. अठ्ठावीस वर्षं झाली, या घरात मी एकदाही होय म्हटलेलं नाही."

"मग नको होता का कधी?"

नवरा उत्तर द्यायला तोंड उघडेपर्यंत बाई म्हणाल्या, "नको नव्हताच." मग फोन बंद केला. त्या मुलाचं "दी" त्यांना ओळखता आलं नाही, कोणाचं होतं ते. अडतिसांतलं कोणाचंही असू शकलं असतं. यावरून त्यांना सासूपेक्षा स्वतःचाच राग जास्त आला, आणि स्वतःवरचा राग घेऊन घरात फिरणं अवघड असतं, म्हणून तो पुन्हा त्यांनी सासूवर ढकलला.

इथपर्यंत ते दोघींच्यात होतं. महिन्याभराने पट्ट्यांचा तास आला.

सासू म्हणाली: अठ्ठावीस मिनिटं शांतता. विद्यार्थी सहभाग दोन टक्के. सूचना: मुलांना सक्रिय ठेवण्यासाठी अधिक प्रश्न विचारून पाहा.

आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत हजेरीपटाशेजारी एक तक्ता लागला. सगळ्यांची नावं, सगळ्यांपुढे सहभागाचा आकडा. आरशाला पाय फुटले होते. सगळ्यात खाली सहावीचं गणित. सगळ्यात वर सातवीचे नवे सर, तिशीतला सडपातळ माणूस, जो तक्त्यासमोरून जाताना खरोखर मान खाली घालून जायचा.

मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. टेबलावर काच, काचेखाली जुने वर्गाचे फोटो, त्यांतल्या चार-पाचांत बाई उभ्या होत्या, खांदा हळूहळू खाली येत गेलेला.

"बसा बाई. असं आहे, सहावी हा पायाचा वर्ग. शाळेच्या समितीचं म्हणणं आहे, सत्राअखेर सरासरी चाळीसच्या वर पाहिजे. नाहीतर सहावी नव्या सरांकडे द्यावी लागेल."

"आणि मी?"

"वाचनालय आहे. परीक्षेचे तक्ते आहेत. आरामच आहे हो, या वयात."

"मला आराम नकोय सर. मला सहावी पाहिजे."

"मग बोलतं करा की पोरांना," मुख्याध्यापक म्हणाले. "त्यात काय अवघड आहे?"

"तुम्ही म्हणाला होतात, फक्त आमच्यासाठी."

मुख्याध्यापकांनी काचेवरची धूळ करंगळीने पुसली. "मलाही वर कोणीतरी मोजतंय, बाई."

त्या दिवसापासून बाईंनी बोटं मोजायला सुरुवात केली. प्रश्न विचारायचा, हात पाठीमागे न्यायचे, आणि अंगठ्याने एकेक बोट दाबत पाचापर्यंत जायचं. तोपर्यंत ओठ उघडायचे नाहीत. पाच म्हणजे किती लांब असतं हे त्यांना एक्कावन्नाव्या वर्षी कळलं. वर्ग त्यांच्याकडे बघायचा, त्या वर्गाकडे, आणि मधे तो प्रश्न उघडा पडलेला. पण चौथ्या दिवशी चौथ्या बोटावर मधल्या रांगेतून एका मुलाने उत्तर दिलं. चुकीचं, पण स्वतःचं. बाईंना वाटलं, हाच तो दी-वाला. सासूने लिहिलं, थांबा तीन पूर्णांक आठ सेकंद, चांगली सुधारणा. बाईंनी ते वाचून फोन पालथा ठेवला, पण रागाने नव्हे.

इथे थांबलं असतं तर बरं झालं असतं.

वर्गात एक मुलगा होता, त्याला सगळे वकील म्हणायचे, कारण सूर्य उगवतो हेही तो पुराव्याशिवाय मान्य करायचा नाही. फळ्याकडे वळलेल्या बाईंची बोटं पहिल्या बाकावरून त्याला स्वच्छ दिसायची. त्याने एके दिवशी विचारलं, "बाई, तुम्ही पाठीमागे काय मोजता? आणि हा बिल्ला कशाला?"

बाईंना खोटं सांगणं जमायचं नाही. "हा तुमचं बोलणं मोजतो. किती जण बोलले ते. आणि मी तुमच्यासाठी थांबायला शिकतेय."

"कोणी कमी बोललं तर?"

"तर मला बोलणी बसतात," बाई म्हणाल्या आणि हसल्या. वर्गही हसला. मॉनिटर मुलगी हसली नाही. तिने शिक्षकांच्या खोलीत वह्या ठेवायला जाताना तक्ता पाहिला होता, आणि हस्तकलेच्या मॅडमना म्हणताना ऐकलं होतं, "सहावी जाणार बाईंची."

पुढच्या आठवड्यात वर्ग बदलला. बाईंनी प्रश्न विचारला, बोटं मोजली, पाचव्या बोटाला पहिल्या बाकावरून उत्तर आलं. मग दुसऱ्या बाकावरून. तिसऱ्या. कोणी म्हणे पाव, कोणी म्हणे अर्धा, कोणी "मला वाटतं बाई, छेद आधी बघावा." पुढच्या प्रश्नाला खिडकीकडची रांग. बाईंना आधी काही कळेना. मग त्यांनी मनाशी म्हटलं, थांबलं की मुलं बोलतात, हे खरंच आहे तर. बावीस वर्षं आपणच बूच बनून बसलो होतो.

सासू म्हणाली: विद्यार्थी सहभाग एकाहत्तर टक्के. थांबा पाच सेकंद. आजचा तास संवादाने भरलेला होता.

त्या संध्याकाळी बाईंनी दुसऱ्या शहरात नोकरी करणाऱ्या मुलीला फोन केला. "एकाहत्तर," त्या म्हणाल्या.

"आई, तुझं वय का?" मुलगी म्हणाली.

"गप गं. मार्क पडलेत तुझ्या आईला."

आतून नवरा म्हणाला, "चहा घेणार का?" आणि मुद्दाम पाच मोजत दारात उभा राहिला. बाई हसून हसून खाली बसल्या. ते तेवढंच.

सकाळी त्यांनी वह्या काढल्या. तासाच्या शेवटी फळ्यावर एकच गणित दिलं होतं: एक छेद चार अधिक एक छेद आठ. पहिली वही उघडली. दोन छेद बारा. दुसरी, दोन छेद बारा. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले, संपलं. बाई उभ्याने तपासत होत्या, त्या बसल्या. अडतीस वह्यांत तीस वेळा दोन छेद बारा. पाव आणि त्याच्या निम्म्याची बेरीज पावापेक्षाही लहान आली होती आणि तिसांपैकी एकालाही ते खटकलं नव्हतं. मागच्या वर्षी याच टप्प्यावर असे सहा-सात निघाले होते.

त्या तिसांतली शेवटची वही खिडकीवालीची.

ही मुलगी गोदामाच्या छपराकडच्या खिडकीशी बसायची आणि वर्षभरात चार वाक्यं बोलायची, त्यांतली दोन "बाई, जाऊ का?" अशी. पण पट्ट्यांच्या तासाला बाई तिच्या बाकापाशी जास्त वेळ थांबायच्या. तिने पावाच्या घडीवर आठव्याची घडी ठेवून, काही न लिहिता, नुसतं बोट टेकवलं होतं, जिथे तीन भाग संपतात तिथे. आता तिच्या वहीतही दोन छेद बारा होतं. बाईंनी वही उजेडात तिरकी धरली. खोडरबराने कागद खरवडलेला, आणि त्याखाली पेन्सिलीची खोल रेघ तशीच राहिलेली. तीन छेद आठ.

तिने बरोबर लिहिलं होतं आणि खोडलं होतं.

बाईंनी तिसऱ्या तासाला बिल्ला काढून पट्ट्यांच्या खोक्यात ठेवला आणि दार लोटलं. "हे काय चाललंय वर्गात? आणि मला कोणीतरी एकाने सांगा, सगळ्यांनी नको."

मॉनिटर उभी राहिली. तिने पाठीमागे हात बांधले होते, अगदी बाईंसारखे. "बाई, आम्ही पाळ्या लावल्यात. तुमचं पाचवं बोट झालं की एक रांग. मग दुसरी. घरी ठरवून येतो."

"आणि उत्तरं?"

"उत्तर काहीही चालतं," वकील म्हणाला. "यंत्र बरोबर-चूक बघत नाही. आम्ही करून बघितलं ना. मी एकदा नुसतं 'होय, पण का?' म्हटलं, तरी तक्त्यावरचा आकडा वाढला."

"दोन छेद बारा कोणाचं?"

मग मॉनिटर म्हणाली, "ते पहिल्या बाकाने म्हटलं. मग मागच्यांनी तेच म्हटलं, पटकन होतं म्हणून. हिला बोलायला जमत नव्हतं," तिने खिडकीकडे बघितलं, "म्हणून मी तिला तेवढंच पाठ करून दिलं."

खिडकीवाली छपराकडे बघत होती. एवढ्या मोठ्याने, इतक्या जणांनी, इतक्या आत्मविश्वासाने दोन छेद बारा म्हटल्यावर अकरा वर्षांच्या मुलीने आपल्या पेन्सिलीवर का विश्वास ठेवावा?

"पण का केलंत असं?" बाईंनी विचारलं आणि या एका प्रश्नाचं उत्तर त्यांना खरोखर माहीत नव्हतं.

"तुम्ही जाऊ नये म्हणून," मॉनिटर म्हणाली.

यावर रागवायचं कसं, हे बाईंना सुचेना. राग तर आला होता. तो कोणावर काढावा? पोरांवर काढावा तर ती आपल्या बाजूची. सासूवर काढावा तर तिने जे ऐकलं तेच सांगितलं. त्यांनी खडू उचलला, फळ्यावर काहीच लिहिलं नाही, आणि घंटा झाली.

संध्याकाळी त्यांनी एकाहत्तराच्या अहवालाखाली, त्या लिहायच्या जागेत, प्रथमच काहीतरी लिहिलं. 'हा आकडा खोटा आहे. मुलं नाटक करत होती. कोणालाही काही आलेलं नाही.'

सासूचं उत्तर आलं. 'हे सांगितलंत हे बरं झालं. माझ्याकडे फक्त आवाज येतो. किती जण बोलले हे मी सांगू शकते. कोणाला समजलं, हे त्यावरून कळत नाही. पट्ट्यांच्या तासाला मी दिलेली सूचनाही त्याच कारणाने चुकीची असू शकते. त्या तासात मुलांना समजतंय हे तुम्हाला कशावरून कळलं?'

असा प्रश्न बाईंना बावीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. मुख्याध्यापकांनी नाही, तपासणीला येणाऱ्यांनी नाही, प्रशिक्षण देणाऱ्यांनी तर नाहीच. त्यांनी लिहायला घेतलं. की ज्याला कळलेलं नसतं ते मूल घडी घालून शेजारच्याच्या हाताकडे बघतं. की ज्याला कळतं ते दुसरी घडी घालताना घाई करत नाही, नखाने दाबतं. की चूक झाली तर पट्टी उलगडून पुन्हा घालता येते आणि ते कोणाला ऐकू जात नाही, तोंडातून निघालेलं उत्तर मात्र सगळा वर्ग ऐकतो. की म्हणून त्या दिवशी मीही बोलत नाही, माझ्याच तोंडाची मला भीती वाटते. दोन पानं झाली. नवऱ्याने दोनदा डोकावलं आणि काही न विचारता कप ठेवून गेला.

सासूने लिहिलं, 'हे अहवालाच्या शेऱ्यात जोडू का? म्हणजे आकडा वाचणाऱ्याला तेही दिसेल.'

'जोड,' बाईंनी लिहिलं.

चार दिवसांनी मुख्याध्यापकांनी बोलावलं. चेहरा खुललेला. "बाई, कमाल केलीत. सरासरी बेचाळीसवर गेली. सहावी तुमचीच. आणि पुढच्या आठवड्यात इतर शाळांचे सहा जण तुमचा तास बघायला येणार आहेत. नमुना तास."

"सर, शेरा वाचलात का?"

"शेरा? तो कुठे असतो?"

"दुसऱ्या पानावर."

मुख्याध्यापकांनी समोरचा कागद उलटा केला. कोरा होता. "पहिलंच पान छापतो आपण. दुसऱ्यावर काही नसतं बहुधा."

"त्यावर मी लिहिलंय की आकडा खोटा आहे."

खोलीत पंखा कुरकुरत होता. बाईंनी सगळं सांगितलं, पाळ्या, दोन छेद बारा, खोडलेली वही. मुख्याध्यापकांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी ते म्हणाले, "हे तुम्ही मला सांगितलं नाही आणि मी ऐकलं नाही. आकडा समितीकडे गेलाय. तो आता परत कसा मागवू? नमुना तास झकास करा, विषय संपला."

"पट्ट्यांचा तास करीन."

"तो नको."

"तोच नमुना आहे माझा."

"बाई, तो केलात तर सरासरी कुठे जाईल, ठाऊक आहे ना? मग माझ्या हातात काही राहणार नाही."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या.

घरी नवरा म्हणाला, "अगं, एक तास नाटक कर ना. पोरं तयार आहेत, तू तयार हो. वर्ग हातात राहिला की पुढे हवं तसं शिकव."

"नाटक करू? नाही करणार."

"हे बघ, मी विचारलं नव्हतं. तूच विचारलंस आणि तूच—"

"कळलं मला," बाई म्हणाल्या. कात्री घेऊन त्या पट्ट्या कापायला बसल्या. पाहुण्यांसाठीही चोवीस जास्त कापल्या.

नमुना तासाला सहा पाहुणे मागच्या भिंतीशी खुर्च्यांवर बसले, सातवे मुख्याध्यापक. बाईंनी चपला दाराशी काढल्या, बिल्ला गळ्याशी लावला, पट्ट्या वाटल्या आणि फळ्यावर लिहिलं: एक छेद चार अधिक एक छेद आठ.

पहिल्या बाकाने पाचाची वाट बघितली आणि तोंड उघडलं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

वकिलाने हात वर केला. "बाई, बोलायचं नाही?"

"नाही."

"मग आकडा?"

"पडू दे."

"मग तुम्ही जाल," वकील म्हणाला. सगळ्यांना ऐकू गेलं, भिंतीशी बसलेल्यांनाही. मॉनिटरचे डोळे भरून आले होते. तिने पट्टी हातात धरली होती पण दुमडत नव्हती.

शांतता झाली, पण ती जुनी शांतता नव्हती. मुलं घड्या घालत होती आणि मधेच एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती, कोणी काही म्हणतंय का म्हणून. मागे एक खुर्ची करकरली. मुख्याध्यापक वाकून शेजारच्याला विचारताना ऐकू आले, "यंत्र चालू आहे ना?" एका पाहुण्या बाईने पट्टी दुमडून बघितली आणि पर्समध्ये टाकली. बाई खिडकीपाशी गेल्या. खिडकीवालीने पाव घडला होता, त्यावर आठवा ठेवला होता, वहीत काहीतरी लिहिलं होतं. बाई आल्या तसा तिने त्यावर तळहात ठेवला. बाई थांबल्या. तळहात हलला नाही. बाई पुढच्या बाकाकडे गेल्या.

सहभाग तीन टक्के.

वह्या तपासल्या तर निम्म्यांचं बरोबर होतं, निम्म्यांचं अजून दोन छेद बारा. खिडकीवालीने दोन्ही उत्तरं लिहिली होती, एकाखाली एक, आणि कोणतंच खोडलं नव्हतं. बाईंना तिच्या वहीवर काय शेरा द्यावा ते कळेना. आणखी चार तास मिळाले असते तर कळलं असतं.

सत्र संपायला आठवडा राहिला तेव्हा तक्त्याशेजारी सूचना लागली. सहावी गणित, पुढील सत्रापासून, नवे सर. वाचनालय व परीक्षा विभाग, बाई. हस्तकलेच्या मॅडम म्हणाल्या, "शेवटी सासूने घराबाहेर काढलंच."

"तिने नाही," बाई म्हणाल्या. "ती एकटीच मला काहीतरी विचारत होती."

शेवटच्या दिवशी नवे सर टोकाच्या खोलीत आले. दारातच उभे राहिले. "बाई, मी मागितला नव्हता हा वर्ग."

"माहितीये मला. या." बाईंनी बुटांचं खोकं टेबलावर ठेवलं. वर ती दोन पानं, नवऱ्याच्या दुकानातून छापून आणलेली. "अपूर्णांक आले की या लागतील. कसं करायचं ते लिहिलंय."

"याने सहभाग पडेल ना?"

"पडेल."

सरांनी खोकं जवळ ओढलं. घ्यावं की न घ्यावं, अशा बेताने एक पट्टी उचलली, एकदा दुमडली, पुन्हा दुमडली, आणखी एकदा. "म्हणजे असं," ते म्हणाले, "तीन घड्या, दोन-दोन भाग. सहा झाले."

आठ. ते बाईंच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. सरांच्या बोटांत पट्टी अजून मिटलेलीच होती.

बाईंनी हात पाठीमागे नेले आणि अंगठ्याने पहिलं बोट दाबलं. दुसरं. खाली पाण्याच्या टाकीपाशी शिपाई कोणालातरी हाक मारत होता. पाचही बोटं झाली. सरांनी अजून पट्टी उलगडली नव्हती. बाईंनी दुसऱ्या हाताचं पहिलं बोट धरलं.